दोन ऑपरेटरांच्या मोडल लॉजिकचं लॅटिस: वरून खाली कसं उतरायचं

मोडल लॉजिक शिकायला घेतलं की पहिल्या काही आठवड्यांतच के, टी, एस४, एस५ ही मंडळी भेटतात. प्रत्येकाचे अ‍ॅक्सियम वेगळे, प्रत्येकाचं चित्र वेगळं. मग कधीतरी प्रश्न पडतो: अशी लॉजिकं एकूण आहेत तरी किती, आणि कोण कोणाच्या पोटात बसतं? त्या सगळ्यांचा मिळून जो नकाशा होतो, तो म्हणजे लॅटिस. ऑपरेटर एकाचे दोन झाले की हा नकाशा इतका पालटतो की एकाच्या अनुभवावर दोनाचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

साधं विधान-तर्कशास्त्र येत असेल, आणि □प म्हणजे "इथून दिसणाऱ्या प्रत्येक बिंदूवर प खरं" हे ठाऊक असेल, तर पुढचं सगळं झेपेल. बीजगणित येत असेल तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही. माझा आग्रह एकच आहे: लॅटिस वरून खाली वाचा. बहुतेक जण तळापासून, म्हणजे के पासून, चढायला सुरुवात करतात आणि अर्ध्या वाटेवर हरवतात, कारण खालच्या लॉजिकांच्या फ्रेम, म्हणजे ठिपके आणि कोण कोणाकडे बघतो याचे बाण यांची चित्रं, अफाट असतात. शेंड्याजवळ भेटणारी कितीतरी लॉजिकं दोन-तीन ठिपक्यांच्या चित्रातून निघतात. ती वहीच्या एका पानावर मावतात, आणि त्यांच्याबद्दलचं विधान आपल्या हातानं शेवटपर्यंत सिद्ध करता येतं.

पायरी १: नियम एकदा स्वतःच्या अक्षरात लिहून काढा

दोन ऑपरेटर घ्या, [१] आणि [२]. "लॉजिक" म्हणजे सूत्रांचा असा संच, ज्यात सगळ्या टॉटॉलॉजी आहेत, दोन्ही ऑपरेटरांसाठी [१](प→फ)→([१]प→[१]फ) हे सूत्र आहे, आणि जो तीन गोष्टींनी फुटत नाही: मोडस पोनन्स, चलांच्या जागी कुठलंही सूत्र घालणं, आणि "φ आत असेल तर [१]φ आणि [२]φ सुद्धा आत" हा नियम. यालाच नॉर्मल लॉजिक म्हणतात. सर्वांत लहान नॉर्मल लॉजिकला आपण के२ म्हणू. त्याची सगळी विस्तारं, लहान तो खाली आणि मोठा तो वर अशी मांडली, की लॅटिस तयार. सर्वांत वर विसंगत लॉजिक, ज्यात सगळीच सूत्रं आहेत.

दोन लॉजिकांच्या खालचा सांधा म्हणजे त्यांचा छेद, त्यात काही अडचण नाही. वरचा सांधा मात्र नुसता संयोग नव्हे, इथे नवखे चुकतात. एका ऑपरेटरचंच उदाहरण पुरेसं आहे. टी मध्ये □प→प आहे, के४ मध्ये □प→□□प आहे. □प↔□□प हे सूत्र टी मध्ये नाही आणि के४ मध्येही नाही, पण दोघांच्या वरच्या सांध्यात, म्हणजे एस४ मध्ये, आहे. दोघांकडची अर्धी-अर्धी बाजू जोडूनच ते उभं राहतं. म्हणून वरचा सांधा म्हणजे संयोग घेऊन त्यावर तिन्ही नियम पुन्हा पुन्हा चालवणं. हे लॅटिस वितरणशील आहे, हेही इथेच टिपून ठेवा.

आणि दिशा. लॉजिक वर सरकलं की सूत्रं वाढतात आणि ती पाळणाऱ्या फ्रेम घटतात. पानाच्या कडेला दोन उलटे बाण काढून ठेवा, "सूत्रं" वर जाणारा आणि "फ्रेम" खाली जाणारा. पुढे वाचताना शंका आली की त्या बाणांकडे बघा.

पायरी २: एकाच ऑपरेटरचा शेंडा पूर्ण समजून घ्या

विसंगत लॉजिकाच्या लगेच खाली जी लॉजिकं बसतात त्यांना कोअ‍ॅटम म्हणतात. त्यांच्यात एक जरी नवं सूत्र घातलं तरी सगळं कोसळतं. एका ऑपरेटरच्या जगात असे कोअ‍ॅटम फक्त दोन आहेत. डेव्हिड मॅकिन्सन यांनी १९७१ मध्ये हे सिद्ध केलं, आणि सिद्धता इतकी छोटी आहे की ती पाठ होते.

पहिलं कोअ‍ॅटम ट्रिव्ह: □प↔प. याचं चित्र म्हणजे स्वतःकडेच बघणारा एक ठिपका. दुसरं व्हेरम: □⊥ (⊥ म्हणजे नेहमी खोटं, ⊤ म्हणजे नेहमी खरं). याचं चित्र म्हणजे कुठेच न बघणारा एक ठिपका.

आता कुठलंही सुसंगत लॉजिक ल घ्या. ◇प म्हणजे "इथून दिसणाऱ्या निदान एका बिंदूवर प खरं". ◇⊤ हे सूत्र ल मध्ये आहे, असं धरू. मग □⊤ म्हणजे ⊤ आणि □⊥ म्हणजे ⊥, त्यामुळे चल नसलेलं प्रत्येक सूत्र ल मध्ये ⊤ किंवा ⊥ यांपैकी एकाशी जुळतं. ल मधलं एखादं सूत्र ट्रिव्हमध्ये नसेल, तर त्यातल्या चौकटी पुसल्यावर जे उरतं ते टॉटॉलॉजी नाही. मग चलांच्या जागी ⊤ आणि ⊥ असे घाला की ते खोटं पडेल. हे घातलेलं सूत्रही ल मध्येच आहे आणि ते ⊥ शी जुळतं, म्हणजे ल विसंगत निघालं. तसं नाही, म्हणून ल ट्रिव्हच्या आत आहे.

◇⊤ ल मध्ये नसेल तर ल मध्ये □⊥ घालून बघा. त्यानं विसंगती आली असती तर □⊥→⊥ हे ल मध्ये असतं, कारण □⊥ मधून □□⊥, □□□⊥ वगैरे आपोआप निघतात. पण □⊥→⊥ म्हणजेच ◇⊤. तेव्हा विसंगती येत नाही, आणि ल व्हेरमच्या आत बसतं.

हे वाचून पुढे जाऊ नका. पुस्तक मिटून एकदा लिहून काढा. यातल्या "चल नसलेली सूत्रं" या शब्दांवर पुढचं सगळं उभं आहे.

पायरी ३: काल, आज, उद्या

आता दुसरा ऑपरेटर आणू. सर्वांत ओळखीची जोडी काळाची आहे. न्यूझीलंडचे आर्थर प्रायर यांनी १९५० च्या दशकात काळाचं तर्कशास्त्र याच जोडीवर उभारलं. [पुढे]प म्हणजे यापुढे नेहमी प, [मागे]प म्हणजे यापूर्वी नेहमी प. ⟨पुढे⟩प आणि ⟨मागे⟩प म्हणजे त्या-त्या दिशेला कधीतरी प. दोघं एकमेकांचे उलटे असावेत म्हणून दोन अ‍ॅक्सियम घालतात: प→[पुढे]⟨मागे⟩प आणि प→[मागे]⟨पुढे⟩प. आज जे घडतंय, ते पुढच्या कुठल्याही दिवसावरून मागे वळून पाहिलं तर "कधीतरी घडलं होतं" असं दिसणारच, इतकाच त्याचा अर्थ. या किमान लॉजिकाची सगळी विस्तारं मिळून के२ च्या लॅटिसचा एक वरचा भाग होतात, त्यामुळे इथलं कोअ‍ॅटम तिथलंही कोअ‍ॅटम.

वहीत तीन ठिपके काढा: काल, आज, उद्या. कालवरून आज आणि उद्या दोन्ही पुढे दिसतात, आजवरून उद्या दिसतो. मागचे बाण याच्या बरोबर उलट. कुठलाही ठिपका स्वतःकडे बघत नाही.

प्रत्येक ठिपक्याला चल न वापरता नाव देता येतं का, ते बघा. [मागे]⊥ म्हणजे "याच्या मागे काहीच नाही", हे फक्त कालवर खरं. [पुढे]⊥ फक्त उद्यावर खरं. आज म्हणजे ही दोन्ही खोटी पडतात तो ठिपका. तिघांनाही नावं मिळाली. नावं "किंवा"नं जोडून ठिपक्यांच्या आठही उपसंचांना सूत्रं मिळतात.

या फ्रेमवर सगळीकडे खरी असणारी सूत्रं मिळून जे लॉजिक होतं, त्याला ल३ म्हणा. ल३ कोअ‍ॅटम आहे, हे आता सिद्ध करू. ल३ मध्ये नसलेलं एखादं सूत्र φ घ्या. ते चलांच्या कुठल्यातरी मूल्यांकनात एखाद्या ठिपक्यावर खोटं पडतं. त्या मूल्यांकनात प्रत्येक चल ज्या उपसंचावर खरं आहे, त्या उपसंचाचं नाव चलाच्या जागी घाला. आता φ मध्ये चलच उरले नाहीत आणि ते त्याच ठिपक्यावर खोटं आहे. त्याला φ* म्हणा. पुढची पायरी म्हणजे φ* ∧ [पुढे]φ* ∧ [मागे]φ* हे सूत्र. तीन दिवसांच्या या ओळीत कुठेही उभं राहा, स्वतः, पुढचे आणि मागचे मिळून सगळे दिवस येतात. त्यामुळे हे लांब सूत्र तिन्ही ठिपक्यांवर खोटं आहे, म्हणजेच त्याचा नकार ल३ मध्ये आहे. पण ल३ मध्ये φ घातलं तर नियमांनी φ*, [पुढे]φ* आणि [मागे]φ* हे तिन्ही आत येतात. सूत्र आत, त्याचा नकारही आत. सगळं कोसळलं.

यात तीन या आकड्याचं काही विशेष नाही. चार दिवस, पाच दिवस, शंभर दिवस घ्या, [मागे]⊥, [मागे][मागे]⊥ असं मोजत प्रत्येक दिवसाला नाव देता येतं आणि तीच सिद्धता चालते. लांबी वेगळी की लॉजिक वेगळं. एकाच ऑपरेटरनं दोनावर थांबलेला शेंडा दुसऱ्या ऑपरेटरसरशी अनंत फाट्यांचा झाला. टिमथी विल्यमसन यांनी १९९८ मध्ये याच्या कितीतरी पुढे जाऊन दाखवलं की अशा उलट-सुलट जोडीच्या लॉजिकांत कोअ‍ॅटमांची संख्या संख्यारेषेवरच्या बिंदूंइतकी आहे.

एकट्या [पुढे]ला हे का जमलं नाही? नावं तर त्यालाही देता येतात: [पुढे]⊥ म्हणजे उद्या, [पुढे][पुढे]⊥ पण [पुढे]⊥ नाही म्हणजे आज. गोम परतीच्या वाटेत आहे. उद्यावर उभं राहिलं की पुढे काही नाही आणि मागे बघायला डोळे नाहीत. उद्या हा एकटा ठिपका स्वतंत्र फ्रेम म्हणून सुटून निघतो आणि त्याचं लॉजिक व्हेरम. [मागे] आला की उद्यावरूनही कालपर्यंत परतता येतं, कुणीच सुटत नाही. नावं आणि परतीची वाट, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कोअ‍ॅटम जन्माला येतं. मला या विषयाची खरी ओढ लागली ती हे कारण कळलं तेव्हा. नुसतं "दोन ऑपरेटर म्हणजे गुंतागुंत" हे वाक्य तोवर अनेकदा वाचलं होतं.

पायरी ४: एस५ च्या जोड्या, आणि बुद्धिबळाचा हत्ती

उलटा धडाही लगेच घ्या. ऑपरेटर कितीही असोत, ⟨१⟩⊤, ⟨२⟩⊤ अशी सगळी सूत्रं लॉजिकात असतील तर चल नसलेल्या सूत्रांना ⊤ आणि ⊥ खेरीज काही म्हणताच येत नाही. पायरी २ मधला पहिला भाग जसाच्या तसा चालतो, आणि अशा लॉजिकाच्या वर कोअ‍ॅटम एकच: सगळे ऑपरेटर निष्क्रिय असलेलं. म्हणजे शेंडा फुटतो तो ऑपरेटरांच्या संख्येमुळे आपोआप नव्हे. वाटेला शेवट असलेले ठिपके हवेत.

एस५ हे याचं चांगलं उदाहरण. एका ऑपरेटरच्या एस५ वर काय आहे हे शिलर स्क्रॉग्स यांनी १९५१ मध्येच सांगितलं होतं: एक साखळी. सर्वांना सर्व दिसतात अशा एका ठिपक्याचं लॉजिक सर्वांत वर (ते ट्रिव्हच), त्याखाली दोन ठिपक्यांचं, त्याखाली तीन ठिपक्यांचं, आणि या अनंत पायऱ्यांच्या तळाशी एस५. एस५ च्या लगेच वरची पायरी मात्र दाखवता येत नाही. कुठलीही निवडा, तिच्या आणि एस५ च्या मध्ये आणखी पायऱ्या असतातच. ही साखळी काढून भिंतीवर लावा, पुढे तुलनेला लागते.

आता दोन एस५. ते दोन प्रकारे एकत्र येतात आणि फरक नीट ओळखायला हवा.

एक प्रकार म्हणजे नुसतं शेजारी ठेवणं, याला फ्यूजन म्हणतात. [१] म्हणजे मीनाला माहीत आहे, [२] म्हणजे सुधीरला माहीत आहे, आणि दोघांत कसलाही ठरलेला दुवा नाही. मीनाला माहीत आहे की सुधीरला माहीत आहे की मीनाला माहीत आहे… ही साखळी कधीच आखडत नाही, एकाच चलापासून अनंत वेगवेगळी सूत्रं बनतात. फ्यूजनचं एक मोठं सुख आहे: दोन्ही घटकांकडे सांत मॉडेलचा गुण असेल (म्हणजे लॉजिकात नसलेलं प्रत्येक सूत्र मोजक्या ठिपक्यांच्या चित्रावर खोटं पाडता येत असेल) तर तो फ्यूजनकडेही येतो. मार्कुस क्राख्ट आणि फ्रांक वोल्टर यांनी १९९१ मध्ये हे सिद्ध केलं. या लॅटिसमध्ये पहिल्यांदा शिरणाऱ्यानं हा निकाल आधी वाचावा.

दुसरा प्रकार म्हणजे गुणाकार, एस५×एस५. यासाठी फ्यूजनमध्ये एक दुवा घालतात: [१][२]प↔[२][१]प. बुद्धिबळाचा पट समोर घ्या. [१] म्हणजे याच आडव्या रांगेतल्या सगळ्या घरांवर, [२] म्हणजे याच उभ्या रांगेतल्या सगळ्या घरांवर. मोकळ्या पटावर हत्ती कुठल्याही घरी दोन चालींत पोचतो, आणि आधी आडवा मग उभा गेला काय, आधी उभा मग आडवा गेला काय, सारखंच. तो अ‍ॅक्सियम म्हणजे हीच गोष्ट.

या दोन प्रकारांत गणिताचा भार कसा हलतो ते पाहण्यासारखं आहे. सूत्र कुठेतरी खरं करता येतं का, हा प्रश्न एका एस५ साठी एनपी-कम्प्लीट आहे. दोन एस५ च्या फ्यूजनसाठी पीस्पेस-कम्प्लीट. गुणाकारासाठी नेक्स्पटाइम-कम्प्लीट. ही तिन्ही नावं गणनेच्या अवघडपणाच्या चढत्या पायऱ्यांची. म्हणजे लॅटिसमध्ये एक पाऊल वर चढलो आणि काम सोपं व्हायच्या ऐवजी अवघड झालं. मग आणखी एक पाऊल चढा. निक बेझानिशविली यांनी २००२ मध्ये दाखवलं की एस५×एस५ च्या वरचं प्रत्येक वेगळं विस्तार स्थानिक सांत आहे, म्हणजे ठरावीक चलांतून सांत संख्येचीच वेगळी सूत्रं बनतात. २००४ मध्ये त्यांनी आणि इयन हॉडकिन्सन यांनी दाखवलं की यातल्या प्रत्येकाला सांत अ‍ॅक्सियम पुरतात, आणि वरच्या वेगळ्या विस्तारांसाठी तो प्रश्न पुन्हा एनपी-कम्प्लीट होतो. अवघडपणा नेमका एका गाठीत अडकलाय आणि ती गाठ एस५×एस५ स्वतः आहे. लॅटिस म्हणून सगळं एकत्र पाहण्याचा फायदा इथे दिसतो, एकेक लॉजिक सुटं अभ्यासून ही गाठ नजरेत येत नाही.

तिसरा एस५ गुणला की मात्र हा प्रश्न कुठल्याच पद्धतीनं सुटत नाही, अनिर्णेय होतो. नवख्यानं तिकडे घाई करू नये.

पायरी ५: मग खाली उतरा

आता तळाकडे जाताना दोन हत्यारं सोबत घ्या. पहिलं विभाजन: लॅटिसमध्ये अ आणि ब अशी जोडी, की प्रत्येक लॉजिक एक तर अ च्या खाली किंवा ब च्या वर. फ्रेम लहान आणि सांत असेल तर तिच्यापासून अशी जोडी कधी मिळते, हा प्रश्न विम ब्लोक यांनी १९७८ च्या सुमारास एका ऑपरेटरच्या के साठी पूर्ण सोडवला: ज्या सांत, मूळ असलेल्या (म्हणजे एका ठिपक्यावरून बाकी सगळे गाठता येतात अशा) फ्रेममध्ये फिरून स्वतःकडे येणारी वाट नाही, त्यांच्यापासूनच. ही सिद्धता लांब आहे, पहिल्या वाचनात विधान समजलं तरी चालेल.

दुसरं, अपूर्णतेची जाणीव. प्रत्येक लॉजिक फ्रेमच्या चित्रातून निघतंच असं नाही. एस. के. थॉमसन यांनी १९७२ मध्ये चित्रांनी न पकडता येणारं लॉजिक दाखवलं, आणि ते काळाचं, म्हणजे दोन ऑपरेटरांचं होतं. एका ऑपरेटरची उदाहरणं त्यानंतर, १९७४ मध्ये आली. म्हणून ठिपक्यांचा भरवसा वरच्या भागात जितका ठेवला तितका खाली ठेवू नका. तिथे फ्रेमऐवजी बीजगणितं वापरावी लागतात.

एक गोष्ट इथे अनेकांना बुचकळ्यात टाकते. थॉमसन यांनी दोन ऑपरेटरांची लॉजिकं एका ऑपरेटरमध्ये सांकेतिक रूपात लिहिण्याची युक्ती काढली, आणि क्राख्ट व वोल्टर यांनी १९९९ मध्ये ती पूर्णत्वाला नेली. दोन ऑपरेटरांचं अख्खं लॅटिस एका ऑपरेटरच्या लॅटिसमधल्या एका पट्ट्याशी तंतोतंत जुळतं. मग दोन कोअ‍ॅटमांचं काय झालं? काही नाही. तो पट्टा छताला टेकत नाही. दोन ऑपरेटरांचे ते असंख्य शेंडे एका ऑपरेटरच्या घरात व्हेरमच्या खाली मधल्या मजल्यावर बसतात. पट्ट्यातला शेंडा आणि घराचा शेंडा वेगळा, हे चित्र काढून पाहिलं की गोंधळ मिटतो.

आज संध्याकाळी करायचं काम

चार चित्रांपुरता कागद घ्या. ऑपरेटर [पुढे] आणि [मागे] हेच.

पहिल्यात दोन ठिपके, काल आणि उद्या. नावं द्या, कोअ‍ॅटम आहे हे सिद्ध करा. पाच ओळींत होतं.

दुसऱ्यात तीन ठिपक्यांचं वर्तुळ, प्रत्येकाला फक्त पुढचा दिसतो. नावं द्यायचा प्रयत्न करा. जमणार नाही, कारण तिघांचीही स्थिती हुबेहूब सारखी आहे आणि कुणाचीच वाट संपत नाही. हे लॉजिक ट्रिव्हसारख्या एका ठिपक्याच्या लॉजिकात सामावतं.

तिसऱ्यात एक काल आणि दोन उद्या, कालवरून दोन्ही दिसतात, एकमेकांना ते दिसत नाहीत. दोन्ही उद्यांना एकच नाव मिळतं, [पुढे]⊥. त्यांना एक समजून चिकटवलं की पहिलं चित्र मिळतं. म्हणून याचं लॉजिक पहिल्याच्या लॉजिकात बसतं आणि स्वतः कोअ‍ॅटम नाही.

चौथ्यात तिसरंच चित्र घ्या, पण दोनपैकी एका उद्याच्या पुढे आणखी एक ठिपका काढा, परवा. कालवरूनही परवा दिसू द्या. आता चौघांची नावं शोधा. परवा आणि एकटा राहिलेला उद्या या दोघांच्याही पुढे काही नाही, तरी [मागे][मागे]⊥ त्या उद्यावर खरं आहे आणि परवावर खोटं, कारण परवाच्या मागे आणखी एक मधला दिवस आहे. चौघंही वेगळे झाले. "सगळीकडे" म्हणणारं सूत्र या चित्रात तीन तुकड्यांचं पुरत नाही, फांदीवरून फांदीवर जायला आधी मागे आणि मग पुढे जावं लागतं. म्हणून त्यात [मागे][पुढे]φ* हा चौथा तुकडा घाला आणि ल३ ची सिद्धता ओळीनं ओळ पुन्हा लिहा.